जमिनीवरचा दिवा

ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरून जाताना तो गोडसर, डोकं जड करणारा वास नाकात शिरला, की मी आजही आधी खाली जमिनीकडे बघतो आणि मग पुढं पाऊल टाकतो. बायको म्हणते, पेन्शनीत निघालात तरी पोलिसी खोड काही गेली नाही. खोड आहे खरी, पण ती मला ट्रेनिंग स्कूलमध्ये लागलेली नाही. ती लावली एका आरोपीनं, माझ्याच ठाण्याच्या कोठडीत बसून. नोकरीत मी दरोडे उघडकीला आणले, खुनाचे गुन्हे शाबीत केले, त्यांची प्रशस्तिपत्रकं भिंतीवर आहेत. या केसचं कुठलंही प्रशस्तिपत्रक मला मिळालं नाही, आणि तरीही छाती पुढं काढून सांगावी अशी केस मला विचाराल तर हीच.

साठच्या दशकातली गोष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नवा ठाणेदार म्हणून हजर झालो होतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी देणार नाही, कारण त्यांतल्या काहींची नातवंडं अजून तिथंच आहेत.

गावाबाहेर एक जुनी तेलगिरणी होती. तिच्या मालकानं त्या वर्षी आवारातच नवा सॉल्व्हंट प्लांट उभा केला होता. घाण्यातून निघालेल्या पेंडीत थोडं तेल शिल्लक राहतं. ते काढायला पेंड एका रसायनात भिजवायची, तेल त्यात उतरतं, मग रसायन तापवून वाफेनं वेगळं करायचं आणि पुन्हा वापरायचं. ते रसायन म्हणजे सॉल्व्हंट. दिसायला पाण्यासारखं, हातावर घेतलं तर फुंकर मारल्यासारखं थंड लागतं आणि बघता बघता उडून जातं. पेट घ्यायला मात्र पेट्रोलच्या तोडीस तोड. म्हणून प्लांटभोवती उंच भिंत होती आणि फाटकावर पाटी होती, विडी-काडी आत नेण्यास सक्त मनाई. चौकीदार प्रत्येकाचे खिसे तपासायचा. खिळ्यांच्या चपला बाहेर काढाव्या लागत. ठिणगी उडू नये म्हणून आतली हातोडी आणि पानेसुद्धा पितळेचे होते. नियम चांगले होते आणि माणसं ते पाळतही होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे घडलं ते नियम पाळूनच घडलं.

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ठाण्याची खिडकी हादरली. मी सायकल काढली, हवालदार मागून धावत आला. प्लांटच्या छपराचे पत्रे उडाले होते आणि आत जाळ होता. गिरणीची माणसं वाळू टाकत होती. विहिरीवरून कोणीतरी पाण्याच्या बादल्या आणत होता, त्याला गिरणीचा मिस्त्री ओरडून अडवत होता, कारण पाण्यावर तरंगून ही आग आणखी पसरते. दोन तासांनी आग विझली. एक म्हातारा मजूर पायांनी चांगलाच भाजला होता आणि बेशुद्ध होता. त्याला जीपमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात पाठवलं.

सणामुळं प्लांट चार दिवसांपासून बंद होता. बॉयलर थंडगार होता. आत दिवा नाही, चूल नाही, विडी नाही. मग आग लागली कशी? पंचनामा लिहिताना माझ्या मनात हा एकच प्रश्न होता, आणि गिरणीच्या मॅनेजरकडं त्याचं उत्तर तयार होतं. संध्याकाळच्या आत तो टाइप केलेली फिर्याद घेऊन ठाण्यात आला. आग लावली, असं त्याचं म्हणणं. कोणी लावली तेही लिहिलेलं होतं.

संशय ज्याच्यावर होता त्याला गिरणीत सगळे टाकीवाला म्हणत. सॉल्व्हंटच्या टाक्या आणि त्यांच्याभोवतीचे खड्डे साफ करायचं काम त्याचं. तिशीतला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धर्म घेतला होता. गिरणीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, त्यात तो बसत नसे, दसऱ्याच्या धम्मदीक्षेच्या दिवसासाठी नागपूरला निघून जायचा. त्याबद्दल मिस्त्रीची आणि त्याची धुसफूस होती. फिर्यादीत तीन साक्षीदार होते आणि तिघांचं म्हणणं एकच होतं. पूजेच्या आधी टाकीवाल्यानं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "दिवा लावसान तर सारं जळून खाक होईन."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, माझा खबऱ्या आला. बाजारात पानाचा ठेला चालवायचा आणि गावातली प्रत्येक कुजबुज पानाबरोबर गिऱ्हाइकाच्या तोंडात नि माझ्या कानात घालायचा. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. आग लागायच्या आधी दुपारी टाकीवाला डबा आणि पोतं घेऊन प्लांटच्या भिंतीशी वाकून काहीतरी करताना दिसला होता. आणि आग लागल्यावर तो पळाला, तो राळेगावला बहिणीकडं लपून बसला आहे.

धमकी, डबा आणि पळ. नव्या ठाणेदाराला आणखी काय हवं? मी हवालदाराला घेऊन राळेगाव गाठलं. टाकीवाला बहिणीच्या अंगणात बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, त्यांवर खोबरेल तेल लावलेलं. दोरीवर त्याचा पांढरा सदरा होता, बाह्या करपलेल्या. तो मी मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. एस.टी.नं आम्ही परत आलो आणि स्टँडपासून ठाण्यापर्यंत मी त्याला भर बाजारातून बेडी घालून चालवत नेलं. भाजलेल्या मनगटावर बेडी घट्ट बसत नव्हती, म्हणून हवालदारानं खाली रुमाल गुंडाळला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं, आणि ते इथं लिहून ठेवणं मला भाग आहे.

मॅजिस्ट्रेटनी पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. कलम चारशे छत्तीस, आग लावून इमारत नष्ट करणं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. त्याच्या वस्तीतली माणसं सकाळपासून ठाण्यासमोरच्या लिंबाखाली येऊन बसत. घोषणा नाही, आरडाओरड नाही, नुसती बसत. रस्त्याच्या पलीकडं गिरणीची माणसं उभी राहत. मधल्या वीस हातांत माझे चार शिपाई. एक दगड इकडून तिकडं गेला असता तर गाव पेटलं असतं, आणि ती आग वाळूनं विझणारी नव्हती.

कोठडीच्या पहिल्या दिवशी हजेरी झाली, पहारा बदलला, स्टेशन डायरी लिहिली आणि मी त्याला समोर बसवलं. हवालदार नोकरीत माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुना. तो कानाशी म्हणाला, "साहेब, दोन ठेवून द्या, पोपटासारखा बोलीन." मी चहा मागवला. हा माझा चांगुलपणा समजू नका. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, आणि मला जे झालं होतं ते हवं होतं.

"दिवा लावला तर जळून खाक होईल, असं म्हणालास का?"

"म्हटलं साहेब."

"म्हणजे धमकी दिलीस."

"धमकी कायची? म्या म्हटलं, दिवा खाली ठेवू नका. वर ओट्यावर ठेवा, नाई तर दूर न्या. खाली ठेवसान तर जळून खाक होईन. मिस्त्री म्हणे, तुह्या धर्मात दिवा नाई तं आमचा काहून इझवून राह्यला?"

"भिंतीशी डबा घेऊन काय करत होतास?"

"माती होती डब्यात. वली माती. नालीचं तोंड बुजवून राह्यलो होतो."

हवालदार हसला. मीही हसलो असेन. पण टाकीवाला हसला नाही. तो म्हणाला, "साहेब, त्याचा वास खाली बसते. तो धुवासारखा वर नाई जात. खड्ड्यात उभा राह्यलो तं मले काई होत नाई. वाकलो का डोकं गरगरते. दोन वर्सं झाली, मी खाली बसूनच काम करून राह्यलो. बाकीचे उभ्यानं करतात. त्याईले कसं समजन?"

हे ऐकून मी काही लगेच विरघळलो नाही. बचावासाठी माणूस काय वाटेल ते रचतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याच दुपारी त्याची आई भाकरी घेऊन आली. डबा तपासून शिपायानं आत दिला. म्हातारी जाता जाता माझ्या टेबलाशी थांबली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "साहेब, लावणारा दूर पयते. मंग माह्या पोराचे हात कसे जयले?"

मी स्वतःला मोठा तपासी अधिकारी समजत होतो, आणि भाजलेल्या हातांचा विचार माझ्या आधी त्या माउलीनं केला होता. मला माझाच राग आला. मी कागदपत्रं मिटली आणि हवालदाराला घेऊन थेट यवतमाळचा दवाखाना गाठला.

भाजलेला म्हातारा मजूर त्या दिवशी सकाळीच शुद्धीवर आला होता. नायब तहसीलदारांनी त्याचा जबाब नोंदवला होता आणि बाजूला ठेवून दिला होता. कारण त्यांच्या मते तो भ्रमात बोलत होता. मी तोच जबाब पुन्हा त्याच्या तोंडून ऐकला.

"आग आत नोयती लागली साहेब. नालीतनं आली. बाहेरून आत आली. माह्या पायाखालून गेली."

"मग तुला बाहेर कोणी काढलं?"

"मालूम नाई. पांढऱ्या कपड्याचा होता कोणी. धुतलेले, झकास पांढरे."

हवालदार हळूच म्हणाला, "देवदूत दिसला असन बुढ्याले." पण मी त्या पांढऱ्या कपड्यांपाशीच अडलो. तेलगिरणीत पांढरं कोण घालतं? तिथं एका दिवसात सदरा पेंडीच्या रंगाचा होतो. खंडेनवमीला त्या आवारात धुतलेले पांढरे कपडे घालून येणारा माणूस एकच असू शकत होता. दसऱ्याला धम्मदीक्षेच्या दिवसासाठी नागपूरला निघालेला. आणि त्याचा करपलेला पांढरा सदरा माझ्या मुद्देमालाच्या खोलीत लाखेनं सीलबंद पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंच आणि आरोपीला घेऊन गिरणीत गेलो. टाकीवाल्यानं जागा दाखवायची, मी बघायची. प्लांटमधून फरशांनी झाकलेली एक नाली भिंतीखालून बाहेर येत होती. तिचं तोंड उघडत होतं फाटकाबाहेर, नेमकं पूजेच्या जागी. मी फरशा उचलायला लावल्या. एक, दोन, दहा. प्रत्येक फरशीच्या खालच्या अंगाला काजळी होती, प्लांटपासून थेट बाहेरच्या तोंडापर्यंत. बाहेर रांगोळी अजून अर्धी शिल्लक होती. उरलेली अर्धी नालीच्या बाजूनं जळाली होती. आणि भिंतीच्या कोपऱ्यात एक पोतं फेकलेलं होतं, ओल्या मातीनं थबथबलेलं, आता वाळून कडक झालेलं.

"हे पोतं कोणी काढलं?" मी मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्री पन्नाशीचा, यंत्रांवर पोटच्या पोरासारखी माया करणारा माणूस.

"म्या काढलं साहेब. पूजेच्या जागी चिखलाचं पोतं कसं ठेवू? मले वाटलं, यानं आमची रांगोळी बाटवासाठी घातलं."

"आणि यंत्रं कशानं पुसली?"

आता खरं बाहेर आलं. जुन्या गिरणीत खंडेनवमीला यंत्रं रॉकेलनं पुसायची आणि घाण रॉकेल नालीत ओतून द्यायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. नव्या प्लांटची ही पहिलीच खंडेनवमी. सॉल्व्हंटनं चिकटा असा निघतो की लोखंड आरशासारखं दिसतं. देवासाठी करायचं तर चांगलंच करायचं, म्हणून त्यांनी बादल्या भरभरून सॉल्व्हंट घेतला, यंत्रं चकचकीत केली आणि उरलेला नालीत ओतला. नंतर नियमाप्रमाणं, मागची झाडलोट करणारा म्हातारा मजूर सोडून, सगळे भिंतीबाहेर आले आणि मिस्त्रीनं दिवा लावला, जमिनीवर, रांगोळीच्या मधोमध. आत एकही ठिणगी नेली नव्हती. कोणाच्या मनात पाप नव्हतं.

पण कोर्टात काजळी आणि पोतं पुरेसं नसतं. मॅनेजर म्हणत होता, वास चालत जाऊन दिव्याला भेटतो ही पोरकट कहाणी आहे. वरिष्ठांचा फोन आला, आरोपी हातात आहे तर दोषारोपपत्र का लांबवता? मी म्हणालो, साहेब, दोन दिवस द्या. तिकडून फोन खाडकन ठेवला गेला. मी नागपूरच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरना तार केली. ते तिसऱ्या दिवशी आले, चष्मा नाकावर घसरलेला, हातात एक कातडी पिशवी, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं दहा फुटांची पत्र्याची पन्हाळ मिळेल का?"

ठाण्यामागच्या मोकळ्या मैदानात, भर दुपारी, पंचांसमोर प्रयोग झाला. माणसं लांब उभी केली, वाळूच्या बादल्या आणि ओली पोती जवळ ठेवली. पन्हाळ तिरपी ठेवली. वरच्या टोकाला सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला एक बोळा. खालच्या टोकाशी स्टूल आणि स्टुलावर पेटता दिवा. आम्ही बघत राहिलो. काही झालं नाही. मॅनेजर खिशातून रुमाल काढून मान पुसत हसला. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं.

इन्स्पेक्टरनी दिवा विझवला. पन्हाळ उन्हात वाळू दिली, तिच्यातून वारा जाऊ दिला, मग नवा बोळा ठेवला. या खेपेस दिवा स्टुलावर न ठेवता जमिनीवर, पन्हाळीच्या तोंडाशी ठेवून तो लांब काडीनं पेटवला आणि ते मागं सरले. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. पंधरापर्यंत आलो असेन. दिव्याची ज्योत एकदा लांबली, आणि एक निळी जीभ पन्हाळीतून सरसर उलटी वर चढली. बोळा भक्कन पेटला. दहा फूट अंतर तिनं डोळ्याची पापणी लवेपर्यंत कापलं.

सगळ्यांत आधी बोलला तो मिस्त्री. तो टाकीवाल्यासमोर जाऊन उभा राहिला. टाकीवाल्याच्या बाजूला शिपाई होता. मिस्त्रीनं दोन्ही हात जोडले.

"तू सांगून राह्यला होता, अन म्या समजलो तू शिवी देऊन राह्यला."

टाकीवाला म्हणाला, "तुमी वरडले ना, म्हणून मी गेलो. पोतं घालून गेलो तं वाटलं, आता काई होत नाई. आंघोळ केली, कपडे घातले, टाकीची चाबी तुमाले द्यायले आलो, तं जाळ. बुढा आत होता."

"अन मंग पयून काहून गेला?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुमची माणसं म्हणत होती ना, यानंच लावली. धरा त्याले. तुमी थांबले असते का?"

थांबलो तर मीही नव्हतो. मीच त्याला बेडी घालून आणलं होतं.

पाचव्या दिवशी कोठडी संपत होती. मी कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल दिला, आरोपीविरुद्ध पुरावा नाही, सोडावं. मॅजिस्ट्रेटनी तो दोनदा वाचला आणि मान्य केला. धोकादायक पदार्थाबाबत हयगय केल्याचं प्रकरण मॅनेजरवर दाखल झालं आणि त्यात त्याला दंड झाला. प्रत्येक शिफ्टला कोणी, काय, किती काळजी घ्यायची हे सांगणारा एक माणूस नेमायची अट फॅक्टरी इन्स्पेक्टरनी घातली. वास बाहेर न येता साचलेल्या पाण्यापाशीच अडावा म्हणून नालीला पाण्याचा अटकाव बसवला गेला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली नाही. मीही वाट बघितली नाही.

सुटकेच्या दिवशी मी एक गोष्ट केली. कोर्टापासून त्याच्या वस्तीपर्यंत मी त्याच्याबरोबर पायी गेलो, पूर्ण गणवेशात, त्याच भर बाजारातून. ज्या ठेल्यावरून त्याची खबर आली होती तिथं थांबून दोन पानं घेतली, एक त्याला दिलं, एक मी खाल्लं. लिंबाखालची माणसं मागून चालत होती आणि गिरणीची माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती. लोक म्हणाले, ठाणेदार डोक्यावर पडला. पडलो असेन. पण बाजारात एकही दगड उचलला गेला नाही.

या केसनं मला जे शिकवलं ते पुस्तकात नव्हतं. इशारा आणि धमकी यांत शब्द बहुतेक वेळा तेच असतात. फरक आपण ऐकताना करतो. बोलणाऱ्याचं तोंड आपल्याला आवडत नसेल तर त्याचा इशाराही आपल्याला धमकी वाटतो. त्या दिवसानंतर मी कुठल्याही साक्षीदाराचा जबाब घेताना विचारायचो, तो काय म्हणाला हे राहू दे, तो बोलताना बघत कुठं होता? टाकीवाला त्या दिवशी दिव्याकडं बघतच नव्हता. तिन्ही साक्षीदारांनी हे सांगितलं, मी विचारल्यावर. तो नालीकडं बघत होता.

पुढल्या वर्षी माझी बदली झाली, पण त्याआधी खंडेनवमी आली. मिस्त्रीनं निरोप पाठवला, साहेब, या. मी गेलो. फाटकापासून शंभर पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला छातीइतका उंच विटांचा ओटा बांधला होता. त्यावर दिवा, तेल, वात, सगळं तयार. माणसं गोळा झाली होती, पण काडी ओढली जात नव्हती. सगळे प्लांटकडं बघत होते.

फाटकातून टाकीवाला आला. पांढरे कपडे, खांद्याला पिशवी, नागपूरची एस.टी. धरायची घाई. हातांवरचे डाग उन्हात चमकत होते. तो पूजेकडं गेला नाही. नालीच्या तोंडाशी गेला, गुडघ्यांवर बसला, नाक थेट जमिनीला लावलं आणि थोडा वेळ तसाच राहिला. मग उठून कपडे झटकले.

मिस्त्रीनं काडीपेटी हातात धरून विचारलं, "लावू का रे?"

"लावा," टाकीवाला म्हणाला, आणि स्टँडकडं चालू लागला.

तो रस्त्याच्या वळणाला लागेपर्यंत मिस्त्री थांबला. मग त्यानं दिवा लावला. पुढं कित्येक वर्षं त्या गिरणीत हीच रीत चालली, असं मला हवालदारानं पत्रातून कळवलं होतं.